बाटली रिकामी दिसता कामा नये

सोमवार, ३ मार्च

साबणवाला पुन्हा आला! हात धुऊन मागे लागलाय — त्याच्या बाबतीत तर हे शब्दशः खरं. तोच टाय, तीच बॅग, तेच गोड हसू. "मॅडम, संसर्ग नियंत्रणातलं तुमच्याइतकं कळतं कुणाला?" मला हरभऱ्याच्या झाडावर चढवून झाल्यावर रंगीत कागद टेबलावर. तुमचा साधा साबण सोडा, आमचा जंतुनाशक घ्या, ऑपरेशनच्या जखमा चिघळायचं प्रमाण निम्म्यावर येईल.

मोठे साहेब भाळलेत. मला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही पुरावा तपासा आणि मत द्या. तुम्ही हो म्हणालात की सगळ्या दवाखान्यात हाच साबण." म्हणजे मी हो म्हणायचं हे ठरलेलंच आहे. तरी बरं वाटलं. मत विचारलं ना!

दुखणं आहे ते बायकांच्या सर्जिकल वॉर्डात. सिझेरियनच्या जखमा तिथे जास्त चिघळतात. आणि तो वॉर्ड मोठ्या सिस्टरांचा — मी नवीन लागले तेव्हा मला हात धुवायला शिकवलं ते त्यांनीच. बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांच्या कडा. आता त्यांची निवृत्ती जवळ आलीय आणि लोक पाठीमागे म्हणतात, त्यांच्या हाताखालच्या पोरी हातच धूत नाहीत.

संध्याकाळी लेकीचा फोन. गर्भाची वार खाली आहे, बहुतेक सिझेरियनच होईल. "आई, खरं सांग. जूनमध्ये तुझ्याकडे येऊ की पुलापलीकडच्या नव्या हॉस्पिटलात?" सासरच्यांना नवं हवंय. ती स्वतः मोठ्या सिस्टरांच्याच हातांवर जन्मली. मला ती तिथेच यायला हवीय. पण 'ये' म्हणायला जीभ रेटेना. "बघू," म्हटलं.

गुरुवार, ६ मार्च

साबणवाल्याचा कागद दिवसभर वाचला. मजा आली, खोटं कशाला बोलू. शाळेत शब्दकोडी सोडवायची तशी.

एक — त्या कुठल्याशा हॉस्पिटलात त्यांनी सगळ्यांत वाईट वॉर्ड निवडला आणि तोही वाईटातल्या वाईट महिन्यात. ताप चढला की पुढे उतरतोच, काढा द्या नाहीतर नका देऊ. दुसरं — साबण बदलला त्याच आठवड्यात सगळ्या नर्सेसना हात धुण्याचं प्रशिक्षणही दिलं. हे खाली, मुंगीच्या अक्षरात. मग गुण कुणाचा? आणि आलेखातले ते खांब! शून्याऐवजी अर्ध्यातून सुरू केलेत, म्हणून एक ताडाएवढा आणि दुसरा बुटका दिसतो.

ह्यांना दाखवलं. चष्मा वर करून म्हणाले, "मग आपला साबण वाईट नाही तर." आणि उठून बेसिनवरच्या संपत आलेल्या बाटलीत पाणी घालून ती खळखळ हलवली. अजून आठवडाभर जाईल म्हणे. माणूस कसला, काटकसरीचं पोतं.

मंगळवार, ११ मार्च

वाटलं होतं एक नकाराचं पान लिहून मोकळी होईन. घोडं पेंड खातंय ते आपल्याच वॉर्डात.

साबणवाल्याने जानेवारी-फेब्रुवारीत मोठ्या सिस्टरांच्या वॉर्डाला नवा साबण फुकट दिला होता. भिंतीवर स्वतःच्या पेट्या लावल्या, आत साबणाच्या बंद पिशव्या. त्या दोन महिन्यांत जखमा खरंच कमी चिघळल्या. नमुना संपला, तो पेट्या काढून घेऊन गेला, स्टोअरमधून जुन्या बाटल्या परत आल्या — आणि मार्चमध्ये पुन्हा पहिले पाढे. हे त्याच्या कागदावरचं नाही. मी स्वतः जखमा बघून मोजलेलं आहे.

मोठ्या सिस्टर नुसत्या फुलून आल्या होत्या. "बघ, मी सांगत नव्हते? साबणच भिकार होता. माझ्या पोरी नाहीत."

मलाही तेच खरं असायला हवंय. मी हो लिहिलं की त्यांच्यावरचं किटाळ जाईल, साहेब खूश, आणि लेकीला 'ये' म्हणता येईल. इतक्या सगळ्यांचं भलं एका 'हो'मध्ये! म्हणूनच लिहवत नाही.

शुक्रवार, १४ मार्च

आज पुरुषांच्या वॉर्डात बसले, हात धुणं बघायला. फाइल चाळल्याचं नाटक करायचं आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायचं. (मी दिसले की सगळे अंगठे घासायला लागतात, म्हणून हे नाटक.)

काय तो आनंद! साबणाची बाटली कोरडी ठणठणीत. "सिस्टर, काल संपला, मागवलाय." निम्मे लोक नुसतं पाणी लावतात, निम्मे तेही नाही. चांगलं झापलं.

मग खोलीत येऊन आकडे समोर ठेवले. ह्या आळशांच्या वॉर्डात जखमा चिघळतात कमी. आणि मोठ्या सिस्टरांच्या वॉर्डात — मी चोरून पाहिलंय, एकेक पोरगी चोळून चोळून हात धुते — तिथे जास्त. स्टोअरचा तोच डबा, तोच साबण.

जास्त हात धुणारे जास्त आजार देतात? हे साहेबांना सांगितलं तर मलाच तपासायला पाठवतील.

शनिवार, १५ मार्च

डोक्यात भुंगा. भाजीत मीठ दोनदा पडलं. हे निमूट जेवले, शहाणे आहेत.

बुधवार, १९ मार्च

सापडलं! निदान मला तरी तसं वाटतंय.

सकाळी मोठ्या सिस्टरांच्या वॉर्डात लवकर गेले. मावशी साबणाचा डबा घेऊन बेसिनमागून बेसिन फिरत होत्या. प्रत्येक बाटली अर्धी, पाऊण भरलेली, तरी वरून भरायची, गळ्यापर्यंत. मोठ्या सिस्टरांचा नियमच आहे तो, मला पाठ आहे — बाटली रिकामी दिसता कामा नये. साबण नाही ही सबब त्यांच्या वॉर्डात चालत नाही. सगळ्या दवाखान्यात ह्याचं कौतुक.

म्हणजे ती बाटली कधीच रिकामी होत नाही. रिकामी होत नाही म्हणून कधीच धुतली जात नाही. तळाचा साबण कधीचा आहे देव जाणे. आणि आळशांची बाटली संपते, वाळते, दोन दिवस उन्हात पडते, मग भरली जाते!

एका बाटलीचा पंप उघडला. आतल्या नळीवर बुळबुळीत थर. वास — नको. वॉर्डातल्या चारही बाटल्या पिशवीत घालून लॅबमध्ये दिल्या; तुलनेला एक न उघडलेला डबा आणि पुरुषांच्या वॉर्डातली बाटलीही. लॅबवाला म्हणाला, "आता साबणाची पण तपासणी? उद्या पाणी धुऊन आणाल."

सोमवार, २४ मार्च

लॅबवाल्याचा चेहरा उतरला होता. जखमांमध्ये सापडतो तोच जंतू, चारपैकी तीन बाटल्यांत, भरपूर. डब्यातल्या न उघडलेल्या साबणात काही नाही. पुरुषांच्या वॉर्डातल्या बाटलीत काही नाही.

पोरी हात धूत होत्या आणि धुताधुता जंतू लावून घेत होत्या. साबण वाईट नव्हता, नवा साबण जादूचा नव्हता. बंद पिशवी होती, संपली की फेकायची, एवढंच.

आता हे मोठ्या सिस्टरांना कोण सांगणार? मीच. 

मंगळवार, २५ मार्च

सांगितलं. त्या ड्रेसिंगची ट्रॉली लावत होत्या, चिमटे सरळ रेषेत. हात थांबले नाहीत. मी बोलत राहिले, नळीवरचा थर, जंतू, सगळं. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे पोरींनी हात धुतले नसते तर बरं झालं असतं, असं?" मी म्हटलं, नाही हो, तसं नाही. "आयुष्यभर एक बाटली रिकामी होऊ दिली नाही मी," म्हणाल्या आणि ट्रॉली ढकलत गेल्या.

त्यांच्यावरचा एक आळ मी पुसला आणि दुसरा लावला. वाईट वाटलं, फार. तरी त्यांना हे दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलं ते बरं.

बुधवार, २ एप्रिल

साहेबांना म्हटलं, मत द्यायला मे अखेरपर्यंत वेळ द्या. कुरकुरले, पण दिला.

ठरलं ते असं. मोठ्या सिस्टरांच्या वॉर्डातल्या जुन्या बाटल्या सगळ्या बाद. साबण तोच जुना, साधा, पण छोट्या नव्या बाटल्यांत. संपली की बाटली फेकायची, वरून एक थेंब भरायचा नाही.

आणि माझ्या टेबलावर दुसरा खेळ. एक जुनी बाटली, तळाशी जुना साबण तसाच, त्यावर साबणवाल्याचा भारी साबण. रोज थोडा काढून ओतून द्यायचा, रोज वरून भरायचा. कुणी हात लावू नये म्हणून वर चिठ्ठी: विष. शिपाई आता माझा चहा लांबूनच सरकवतो.

गुरुवार, १७ एप्रिल

मोठ्या सिस्टर माझ्याशी कामापुरतंच बोलतात. 'अहो सिस्टर' म्हणतात, आधी 'ए पोरी' होतं.

पण आज काय पाहिलं — त्या स्वतः स्टुलावर चढून, हातात पाना, प्रसूतीच्या खोलीतली जुनी बाटली भिंतीवरून उखडत होत्या. ती माझ्या यादीत नव्हतीसुद्धा. मला पाहून म्हणाल्या, "नुसती बघतेस काय, स्टूल धर." मी धरलं. 'बघतेस' म्हणाल्या! दिवस चांगला गेला.

मंगळवार, ६ मे

टेबलावरच्या बाटलीचा निकाल. भारी साबणातही तोच जंतू, आरामात नांदतोय. लॅबवाल्याने टाळी दिली.

वॉर्डात जखमा कमी झाल्या आहेत. महिना म्हणजे काही फार नाही, मला घाई करायची नाही. पण मोठ्या सिस्टरांच्या चालण्यातच कळतं.

लेकीला फोन केला. सगळं सांगितलं — बाटली, थर, वरून भरणं. ती म्हणाली, "आई, जेवतेय मी." वार अजून खालीच आहे, सिझेरियन नक्की. मग म्हणाली, सासूबाईंनी नव्या हॉस्पिटलात नाव घातलंय. खोलीतून नदी दिसते म्हणे.

उशीर मीच केला. पण मार्चमध्ये 'ये' म्हणाले असते तर मला झोप लागली नसती. लेक जिथे सुखात असेल तिथे असो.

गुरुवार, २९ मे

मत दिलं. एक पान. साबण बदलू नका, बाटल्या बदला. भरायची बाटली कुठेही नको. दोन महिन्यांत मोठ्या सिस्टरांच्या वॉर्डातला आकडा नव्या साबणाच्या काळाइतकाच उतरला, आणि तोही जुन्या साबणावर. आकडे लहान आहेत, पुढेही बघत राहावं लागेल, हेही लिहिलं. आणि शेवटी हे की, त्या वॉर्डात हात धुण्यात कसूर कधीच नव्हती. हे वाक्य मी जाड अक्षरात काढलं.

साहेबांनी दोनदा वाचलं. "म्हणजे एवढंच?" — एवढंच. साबणवाला बाहेर बसला होता. साहेब त्याला म्हणाले, "तुमच्या कंपनीकडून नुसत्या रिकाम्या बाटल्या मिळतील का?" बिचारा. त्याला चहा पाजला.

मोठ्या सिस्टरांनी पान वाचून घडी घातली आणि खिशात ठेवलं. "निवृत्तीच्या दिवशी हार-बिर नको मला," म्हणाल्या, "हे पुरे." मग विचारलं, "लेक कुठं जातेय?" मी सांगितलं. "नदी दिसते होय," म्हणाल्या.

आज मी सुखात आहे. काम झालं, आणि नीट झालं. घरी येऊन ह्यांची परत परत पाणी घातलेली बाटली कचऱ्यात टाकली. ते हळहळले.

मंगळवार, १० जून

लेकीबरोबर नव्या हॉस्पिटलात, शेवटची तपासणी. परवाची तारीख मिळाली. काचा, झाडं, नदी, सगळं आहे. आम्ही दोघी बाकावर. समोर बेसिन, त्यावर सुरेख पितळी बाटली, पाऊण भरलेली. एक मावशी डबा घेऊन आल्या, झाकण उघडलं आणि वरून भरायला लागल्या. माझ्याकडे बघून हसल्या. "रिकामी कधी दिसू देत नाही आम्ही, ताई."

बोलायचं नाही असं ठरवलंच होतं. लेक त्या बाटलीकडे बघत राहिली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, फाइल काखेत मारली.

"चल आई. मोठ्या सिस्टरांना फोन लाव."