द्राक्षाच्या पानांच्या वड्या

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कुवेतमध्ये अहमदीत गेले की आपल्या जुन्या घरापाशी माझी गाडी आपोआप हळू होते. तेल कंपनीचं बैठं घर, मागच्या दाराशी द्राक्षाचा वेल. अळू मिळायची मारामार, म्हणून आई त्याच पानांना बेसन फासून वड्या करायची. पानं मुळातच आंबट, चिंचसुद्धा लागायची नाही. हिंगाचा वास सुटलाय, मी ओट्याशी उभी राहून गरम वडी पळवतेय आणि तुम्ही ताटावर हात आडवा धरून म्हणताय, "मला नको." एकदा मी हट्टाने वाढली, तर केवढे ओरडलात. अण्णांची नाटकं, म्हणून आम्ही मागे हसलो होतो.

परवा इथे रिग्गईतल्या आमच्या घरी लेक शाळेसाठी एक जर्मन कादंबरी वाचत होती. महायुद्धानंतर जन्मलेला मुलगा बापाला विचारतो, तेव्हा तुम्ही काय करत होतात, आणि बाप वर्तमानपत्रातून डोकंच वर काढत नाही. पुस्तक मिटून ती म्हणाली, "आई, आजोबा गल्फ वॉरमध्ये इथेच होते ना? व्हॉट डिड ही डू?"

तुम्ही गेल्यावर आईने मला सांगितलं होतं. अहमदीचं ते घर आधी तुमच्या पॅलेस्टिनी सहकाऱ्याचं, वेल त्याच्या बायकोने लावलेला. इराकी सैन्य गेल्यावर त्याच्यावर फितुरीचा संशय आला आणि चौकशीत तुम्हालाही विचारलं. "रोज एका टेबलाशी डबा खायचे गं दोघं," आई म्हणाली, "आणि ह्यांनी सांगितलं, मी त्याला नीट ओळखत नाही." मुलाबाळांसकट ते कुटुंब देशाबाहेर गेलं आणि रिकामं घर आपल्याला मिळालं. तुम्ही घाबरला असाल, नोकरीचा, आमचा विचार केला असेल. तरी मला तुमचा राग येतो, आणि ती न खाल्लेली वडी आठवली की वाईटही वाटतं.

लेकीला मी सगळं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "अँड यू वर हॅपी देअर?" मी हो म्हणाले. अण्णा, तुम्ही असतात तरी हे पत्र मी पाठवलं नसतं, कारण शेवटी हेच लिहावं लागलं असतं : त्या घराइतकं सुख मला पुन्हा कुठेच मिळालं नाही, आणि तिथून गेलेल्या मुलांचा कितीही विचार केला तरी ते कमी होत नाही.