दहापैकी किती

३ मार्च, सोमवार

म्हणे भंगार! माझ्या लॅपटॉपला भंगार म्हणाला तो दुकानदार. बिजागरी शाबूत, पडद्यावर ओरखडा नाही, तान्ह्या बाळासारखा जपलाय. "काकू, कंपनीने ह्याला सोडचिठ्ठी दिलीय. नवी सिस्टम ह्याच्यावर चढत नाही, जुनीला आता कुणी वाली नाही. नवा घ्या."

वस्तू माझी, मोडलेली नाही, आणि ती चालायची की नाही हे ठरवणार तिसराच! छत्तीस वर्षं भूगोल शिकवला. पृथ्वीसुद्धा इतकी मनमानी करत नाही.

आठवणी लिहितेय मी त्यात. एकशे बारा पानं झालीत.

४ मार्च, मंगळवार

वरच्या मजल्यावरचा वायरमन चहाला आला. तोही निवृत्त, तोही रिकामा. "बाई, टाकू नका. लिनक्स घालू, ती दुसरी सिस्टम."

कप खाली ठेवला मी. हा शब्द ह्या घरात दोन वर्षं कुणी उच्चारला नव्हता. लेकीने चांगली नोकरी सोडली ती ह्याच्याच पायी. "आई, ते कुणा एकाचं नाही गं, सगळ्यांचं आहे." मी म्हणाले, "सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही. रिकामटेकड्यांचे उद्योग! दहापैकी दोन."

मार्क द्यायची ही माझी खोड. तिच्या अक्षराला, चादरीच्या घडीला, मांडलेल्या ताटालासुद्धा. त्या दिवशी मात्र ती उठली आणि बॅग घेऊन निघून गेली. तेव्हापासून फोन नाही. मीही केला नाही. ती तिथे नेमकं करते काय, हेही मी विचारलं नव्हतं.

वायरमनला म्हटलं, "घाला. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही."

६ मार्च, गुरुवार

आधी माझी पानं बाजूला काढून घेतली. मग करंगळीएवढ्या पेनड्राइव्हवरून अख्खी सिस्टम चढली – अर्ध्या तासात! आणि लॅपटॉप तरुणासारखा धावतोय.

वायरमनने त्याच्या भाषेत समजावलं. "कर्नल म्हणजे सिस्टमचा मीटरबोर्ड, बाई. कुणाला किती पुरवठा, ते तो बघतो. दिवे-पंखे-बटणं ज्याने त्याने आवडीने बसवायची. म्हणून बोर्ड एक, पण घरं शेकडो."

"आणि बिल?"

"नाही."

"काहीतरी गोम असणार."

"शोधा," म्हणाला. हसत होता मेला.

९ मार्च, रविवार

गोम शोधायला सिस्टमसोबतचा परवाना वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, चष्मा पुसून पुसून. वापरा. उघडून बघा. हवं तसं बदला. दुसऱ्याला द्या – मात्र त्यालाही हीच मोकळीक ठेवा. बस्स! एवढंच!! दोनदा वाचलं. गोम नाही.

दुपारी पडद्यावरच्या काळ्या खिडकीत टाइप करून हुकूम द्यायला शिकले. पासवर्ड मारतेय, मारतेय, एक अक्षर उमटेना. कीबोर्डला चापटी मारली. वायरमन म्हणाला, "ते दाखवतच नाही, बाई. मागून कुणी वाचू नये म्हणून." बरं. मग हुकूमही चालेना. लहानपणी शाळेतल्या नन्सनी पूर्णविरामाशिवाय वाक्य सोडायचं नाही असं शिकवलं, तो मी हुकमालाही लावत होते! काढला. एक ओळ – आणि जगाच्या कुठल्या कोपऱ्यातून नवं सॉफ्टवेअर येऊन स्वतःच्या पायांनी घरात शिरलं.

१२ मार्च, बुधवार

मी मराठी टाइप करते त्या छोट्या सॉफ्टवेअरचं पोट उघडून बघितलं. कुणालाही बघता येतं. कुलूप नाही, पाटी नाही, शिपाई नाही.

कळलं काही नाही. पण प्रत्येक बदलापुढे तारीख, आणि कुणी का केला ते. एकाने अकरा वर्षांपूर्वी फक्त एक ओळ सुधारली. कारण लिहिलंय – माझ्या वडिलांना दिसत नव्हतं म्हणून. कोण कुठला मुलगा! त्याचे वडील, आणि आज इथे वाचतेय मी.

खारीचा वाटा म्हणतात तो हाच. फक्त खारी हजारो, एकमेकींना कधी न भेटलेल्या – आणि पूल उभा आहे. चहा निवला तरी मी बघत बसले.

रिकामटेकडे म्हणाले होते मी.

१३ मार्च, गुरुवार

डोळ्यांसाठी अक्षर मोठं केलं की वेलांट्यांची डोकी उडतात! बिनडोक्याच्या वेलांट्यांत मी आठवणी लिहायच्या?

तिथे तक्रार नोंदवायची सोय आहे. नोंदवली. नाव दिलं नाही, 'एक निवृत्त शिक्षिका'. विषय, चार मुद्दे, प्रत्येकाला क्रमांक. शेवटी लिहिलं – मेहनत दिसते, पण काम अर्धवट. दहापैकी चार.

१७ मार्च, सोमवार

उत्तर नाही. उगाच बोलले का?

१८ मार्च, मंगळवार

आलं! देखभाल करणाऱ्यांपैकी कुणीतरी. नाव नाही, नुसतं खारीचं चित्र. "अक्षराचा आकार किती ठेवलाय? पडद्याचा फोटो पाठवाल? इतकी नेमकी तक्रार आमच्याकडे पहिल्यांदाच आलीय."

पहिल्यांदाच! वायरमनला दोनदा वाचून दाखवलं. तो म्हणाला, "चार मार्क देऊनही इतकं गोड? घरचं वळण चांगलं असणार." फोटो पाठवला. आठवणींचं पहिलंच पान होतं पडद्यावर, लेकीच्या जन्माचं.

परकं माणूस माझ्या डोळ्यांसाठी खपतंय, आणि मी स्वतःच्या पोरीला... असो.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी अपडेट आलं. वेलांट्यांना डोकी आली. बदलापुढे कारण लिहिलंय – माझ्या आईला दिसत नव्हतं म्हणून.

आणि तक्रारीखाली खारीची एक ओळ.

"आता दहापैकी किती, आई?"

दहा मी कुणालाच देत नाही. साडेनऊ लिहिले. उरलेला अर्धा इथे घरी येऊन घे म्हटलं.