हिरवळीखालचे बांध

प्रिय रत्ना,

तुझ्या थोरल्या जावेचं अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीने पाय पुसल्यासारखं. चौथीपर्यंतची शाळा, त्यातलं एक वर्ष धाकट्या भावाला कडेवर घेण्यात गेलं, तेव्हा हसू नकोस. फोन केला असता, पण तुमच्याकडे फोन स्पीकरवर असतो नि भावजी शेजारी बसलेले असतात. म्हणून शेजारची मोना पुण्याला निघालीय, तिच्याजवळ हे देते. सोबत बदाम आहेत, ते तुलाच, पाहुण्यांपुढे ठेवू नकोस.

इथे अमेरिकेत मी मजेत. श्रीरंगाची इशिता पिस्कॅटवेच्या कॉलेजात माती खणायला शिकते. खरंच सांगते. आपण जन्मभर खुरपलं, आपल्याला कुणी डिग्री दिली नाही, आणि ही ढोपरं मळवून आली की तिची आई फोटो काढते. पोरगी उन्हाने काळी पडलीय, पण काय गोड दिसते गं. मराठी बोलते ती अर्धी इंग्लिशच, पण मला समजावं म्हणून धडपडते.

परवा तिने मला खणायची जागा दाखवायला नेलं. मी धपाटे बांधून घेतले. तिच्या मास्तरीणबाईंनी चार खाल्ले, ठेचा लागल्यावर डोळ्यांतून पाणी, तरी पाचवा मागितला. जागा म्हणजे जुन्या काळच्या एका श्रीमंताचा बंगला, भोवती नजर पुरत नाही एवढी हिरवळ. त्याला खिडकीतून नुसतं गवत दिसायला हवं होतं म्हणे, म्हणून तिथल्या शेतकऱ्यांचे बांध, वाटा, घरं सगळं त्याने सपाट करवलं. यंदा इथे पाऊस नाही. गवत करपलं, आणि करपताना खालचं वर आलं बघ. जिथे भिंत पुरलीय तिथलं गवत आधी पिवळं पडलं. जिथे कधी चर होता तिथे हिरवी रेघ राहिली. उंचावरून बघितलं तर अख्खं रान आखल्यासारखं दिसत होतं.

एका कडेला सुपाएवढा हिरवा ठिपका होता, एकटाच. मी विचारलं, हे काय. इशिता म्हणाली, "आजी, इथे कुणीतरी खड्डा केला होता. एकदा खणलेली माती परत पहिल्यासारखी बसत नाही." किती वर्षं, म्हटलं. तर म्हणाली, दोनशेसुद्धा. मग मला धपाटा गेला नाही. ऊन लागलं म्हणून सांगितलं.

श्रीरंग म्हणाला, आपल्या गावाकडच्या ओढ्यालगतच्या रानाचे प्लॉट पाडणार, दिवाळी झाली की मशीन येणार. पाडा बाई. कसणार कोण आता. माझी काही ना नाही, भावजींना तसं सांग.

पण रत्ना, तू लग्न होऊन आलीस त्याच्या आधी, श्रीरंगाच्याही आधी, मला मुलगी झाली होती. पाचवी पुजायच्या आतच गेली. मामंजी आणि भावजी तिला टोपलीतून त्याच रानात घेऊन गेले. मी बाजेवर होते. सासूबाई म्हणाल्या, जागा आईला सांगायची नसते, सांगितली तर पुढचं पोर टिकत नाही. मग मी विचारलं नाही. श्रीरंग झाला, तो टिकावा म्हणून विचारलं नाही. त्या रानात इतकी वर्षं राबले, बांधाबांधाने हिंडले, भाकरी खायला कुठेही बसले, आणि कुठे बसतेय ते कळलं नाही. आता श्रीरंगाचे केस पिकले, कसली भीती राहिलीय. जागा ठाऊक असलेले एकटे भावजी उरलेत. मी विचारलं तर ते मान खाली घालून उठून जातील. तू विचार. जेवण झाल्यावर, सुपारी कातरताना विचार. मशीन यायच्या आधी त्यांच्याबरोबर एकदा तिथे जा. एवढ्याशा खड्ड्याने गवत हिरवं राहत नाही, मला कळतं. तरी बघ. आणि घटकाभर तिथे बस, माझ्या वाटचं.

तुझीच,
थोरली