आईने पाठवलेलं वाफेचं यंत्र

सेंदाई, २ फेब्रुवारी

प्रिय मिसाएताई,

र्योसुकेचा ताप कालपासून थोडा कमी आहे. सकाळी चार चमचे पेज पोटात गेली. "तुझ्या हातची पेज म्हणजे शिक्षाच," म्हणाला. आईला तिच्या लेकाचं एवढंच वाचून दाखव.

पुढचं तुझ्यापुरतं. त्याच्या फुफ्फुसात सापडलेला जंतू आईने पाठवलेल्या वाफेच्या यंत्रातल्या पाण्यातही निघाला. कॅन्सरच्या औषधांनी त्याच्या अंगात झुंजायची ताकदच उरलेली नाही. डॉक्टर हल्ली माझ्याकडे न बघता बोलतात.

वॉर्डातली हवा कोरडी म्हणून मीच ते गार वाफेचं यंत्र उशाशी लावलं. जुनं पाणी एकदाही ओतून दिलं नाही, वरून भरत राहिले. आपल्याकडे टबातलं पाणी तरी आई कुठे टाकू देते? एकाच पाण्यात सगळ्यांच्या आंघोळी झाल्या, की दुसऱ्या दिवशी त्यातच कपडे धुवायचे.

नर्सने यंत्र पिशवीत बांधून नेलं. र्योसुके सारखा म्हणतो, "आईचं यंत्र लाव ना, घरी असल्यासारखं वाटतं." मी सांगितलं, बिघडलंय.

आईचा खोकला कसा आहे? तिलाही बिघडलं म्हणूनच सांग. पण ते ऐकून ती लगेच दुसरं घ्यायला निघेल, ताई. तिला दारातच अडव.

तुझी,
चिहारु