फोनवर न दिलेलं उत्तर

जबलपूर, रविवार

प्रिय आई,

तुला आणि पप्पांना सलाम. माझी तब्येत ठीक आहे, डबाही वेळेवर येतो. पप्पांचा खोकला कमी झाला का?

गेल्या महिन्यात तू फोनवर विचारलंस, "प्रभुभोजन घेतेस ना?" मी म्हणाले, "चर्चला जाते." ते खरं होतं, पण उत्तर नव्हतं. तीन महिने मी प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट, तुकडा न घेता, तसंच पुढे देत होते.

त्याचं कारण सांगते. तीन महिन्यांपूर्वी लॅबमध्ये रक्ताच्या दोन नळ्यांना मी उलटी लेबलं लावली. चूक लगेच सापडली, पेशंटना त्रास झाला नाही. पण दोष माझ्यासोबत काम करणाऱ्या विनीतावर आला, तिला कामावरून काढलं आणि मी गप्प बसले.

शेवटी चर्चच्या पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ख्रिस्ताने क्षमा केली आहे, बेटी. आता लपायचं कारण उरलं नाही." आज भाकर घेतली.

तिथून चेरीतालला विनीताच्या घरी गेले. ती एवढंच म्हणाली, "इतके दिवस काहून नाही बोलली तू?"

उद्या अकरा वाजता मॅनेजरना सांगणार आहे. त्या वेळी प्रार्थना कर. माझी नोकरी टिकावी म्हणून नको, माझं बोलणं अर्धवट राहू नये म्हणून.

तुझीच,
प्रणोती