पंधराव्या भागाचा बंद डबा

मी, हुल्डा ब्रॅनवोल्ड, वय सत्तर, प्लम क्रॉसिंग, नेब्रास्का इथल्या सिनेमागृहात जन्मभर यंत्र चालवलेली. गुडघे कामातून गेले, डोकं ठिकाणावर आहे. कोणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवते की माझ्यामागे :

१. घर भाची कॅरलला. मागच्या दाराची कडी जोरात ओढावी लागते, गं.

२. फिल्म जोडायची कात्री नव्या ऑपरेटरला. त्याचे जोड बघवत नाहीत.

३. ऑर्फा लिंडक्विस्ट यांना पहिल्या रांगेतली मोडकी खुर्ची. कारण खाली आहे.

४. पलंगाखालचा पत्र्याचा डबा, न उघडलेला, एमिल क्रातोख्विल यांना.

१९१६ साली रूळ उखडून गाड्या पाडणाऱ्या कुणा अज्ञात माणसाची सिनेमा-मालिका आमच्याकडे दर गुरुवारी लागे. नायिका धावत्या इंजिनाच्या टपाला लोंबकळत असतानाच भाग संपे. एमिल इथला स्टेशनमास्तर. गाडीने आलेला फिल्मचा डबा तो स्वतः आणून देई आणि वहीत माझी सही घेई. मालिकेत संशय स्टेशनमास्तरवरच, म्हणून लोक त्याला विचारत, "काय मास्तर, आज कुठला रूळ सैल केलात?"

चौदाव्या भागानंतर त्याने मला लग्नाचं विचारलं. मी सगळ्यांदेखत तोऱ्यात म्हणाले, "पडद्यावरचा मास्तर निर्दोष सुटू दे, मग करते."

"आणि नाही सुटला तर?"

"तर बस स्टेशनात एकटाच."

शेवटचा, पंधराव्या भागाचा डबा आला, मी सही केली, आणि घाबरले. पडद्यावरचा मास्तर गुन्हेगार निघाला तर एमिलला गावासमोर नाही म्हणावं लागणार होतं. मी डबा लपवला आणि आलाच नाही असं सांगितलं. ऑर्फाबाई पहिल्या रांगेतून उठून ओरडल्या, "मास्तरानेच हरवला!" त्या ठपक्यावरून महिन्याभरात एमिलची दूर बदली झाली. माझी सही त्याच्या वहीत होती, त्याने ती कोणालाही दाखवली नाही. मीही तोंड उघडलं नाही. याची मला रोज लाज वाटते. निवृत्त होऊन तो परत आला; रस्त्यात टोपी काढतो, मी बूट बघत पुढे जाते.

५. वरचं कलम रविवारी चर्चनंतर मोठ्याने वाचावं. मग एमिलनेच डबा उघडावा, उजेडात आणि पाइप विझवून. जुनी फिल्म चटकन पेट घेते. आत कदाचित फिल्मची भुकटीच झाली असेल. तसं नसेल तर रूळ कोणी उखडले ते माझ्या थडग्याशी येऊन सांगावं. एकेचाळीस वर्षं मी विचार करते आहे.

६. एमिल, गुन्हेगार कोणीही निघो, माझं उत्तर हो असंच होतं.

साक्षीला एमिलला बोलावलेलं नाही. ज्याला काही मिळतं त्याची सही नको, असं वकील म्हणतात. माझी सही मात्र त्याच्याकडे आहेच.

(सही) हुल्डा ब्रॅनवोल्ड
साक्षीदार : वेंडेल ओस्टर, न्हावी, थेल्मा रुझिका, पोस्टबाई
प्लम क्रॉसिंग, ९ ऑक्टोबर १९५७