चौदा नंबरची तार

नाडफालू,
रविवार, ९ जुलै १९८९

प्रिय एटुश,

तुला आणि इल्काला खूप खूप प्रेम. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. सीमेपलीकडून, बारा किलोमीटरवरून यायला नऊ दिवस! चालत निघालं असतं तरी आधी पोचलं असतं. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ऐकायला इथे वेळ कुणाला आहे? जर्दाळू यंदा इतके लागलेत की फांद्यांना टेकू द्यावे लागले. शेजारची रोझाल मावशी रोज बादली घेऊन येते आणि वर मलाच ऐकवते, "वेंडेल, बायको केली असतीस तर मुरंबा तरी झाला असता रे."

तर, तुम्ही दोघी वीस ऑगस्टला येताय. नव्या पिठाच्या पावाच्या सणाला! पत्र वाचलं आणि उगाचच अंगण झाडलं. मग पुन्हा वाचलं आणि झाडू घेऊन तसाच उभा राहिलो. त्याचं कारण पुढे लिहितो. आधी तू विचारलंयस त्याचं उत्तर.

हो, सीमेवरचं कुंपण खरंच निघतंय. मे महिन्यापासून आम्ही चौकीवालेच काढतोय. ज्या हातांनी वीस वर्षं जोडलं, त्याच हातांनी गुंडाळतोय. गावातले लोक ती तार द्राक्षांच्या मांडवाला नेतात. तिकडे तुमच्या रेडिओवर म्हणे सांगतात की लोकांनी मोठी हिंमत केली. केली असेल, शहरात. आमच्या चौकीवर कसली हिंमत आणि कसलं काय! तार गंजली, बाई. तारेला काही टेकलं की चौकीत घंटा वाजते; गेल्या वर्षी ती दिवसाला दहा-दहा वेळा वाजायची, बोर्डावर दिवा लागायचा, पोरं बंदुका घेऊन धावायची, आणि तिथे कोण? ससा. नाहीतर हरीण. नाहीतर नुसता वारा. नवी तार मागितली तर कळलं, रशियाने ती बनवणंच बंद केलंय. न गंजणारी तार हवी तर पश्चिमेकडून विकत आणा म्हणाले. म्हणजे माणसांनी पश्चिमेला पळू नये म्हणून पश्चिमेकडूनच तार आणायची! आमचे कप्तान झोल्दोश कधी हसत नाहीत, पण हे सांगताना त्यांना खुर्चीत बसावं लागलं इतके हसले.

मी त्यांना विचारलं, "साहेब, आणि मॉस्को? ते गप्प बसतील?"

"कळवलंय त्यांना."

"मग?"

"मग काही नाही. तुमचं तुम्ही बघा, म्हणाले."

एटुश, छप्पन साली मी एकवीस वर्षांचा होतो. उठाव चिरडायला गावातून गेलेले रशियन रणगाडे मी पाहिलेत. तू आईच्या पदराआड होतीस. म्हणून मी सबंध मे महिना कान लावून बसलो, आता येतील, मग येतील. कुणी आलं नाही. त्यांना आता आपलं ओझं झालंय. स्वतःच्या घरातच पाव पुरत नसेल तर दुसऱ्याच्या दारावर पहारा कोण देणार? पण आणखीही एक कारण आहे, आणि ते मला कुणी सांगायला नको. ते माझं मलाच माहीत आहे.

तू दर पत्रात विचारतेस, "दादा, दीड वर्ष झालं पासपोर्ट मिळून, मग येत का नाहीस?" मी कधी गुडघा पुढे करतो, कधी कोंबड्या. कोंबड्या माझ्याकडे नाहीतच. रोझाल मावशीच्या आहेत.

आता तू लिहिलंयस, "इल्काला ती जागा दाखवायची आहे, जिथे तिच्या धांदरट बापाचा कोट तारेत अडकला." आणि पुढे, ती पोरगी काही पाडलं, सांडलं की स्वतःच म्हणते, बापावर गेलेय. हे वाचलं आणि मी ताट बाजूला सारलं. म्हणून आज लिहायला बसलोय. तुम्ही येण्याआधी तुला कळायला हवं.

आगोश्तोनचा कोट कुठेच अडकला नव्हता. ती गोष्ट मीच रचून तुला कळवली होती; धुक्यात तुला मागचं काही दिसलं नव्हतं.

नोव्हेंबर बहात्तर. मी तुम्हाला सांगितलं होतं की कुंपणाचा चौदा नंबरचा तुकडा मेलाय, तिथे घंटा वाजत नाही, सोमवारपर्यंत मी तो जोडणार नाही, रविवारी प्रार्थनेच्या वेळी जा. खालून माणूस जावा म्हणून दोन तारा एकत्र धरून वर कशा उचलायच्या, हेही मीच त्याला आईच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर शिकवलं होतं. तू तेव्हा हसत होतीस.

शनिवारी सकाळी चौकीवर निरोप आला, रशियन कर्नल तपासणीला येतोय. मला कुणी काही म्हणालं नाही. चौदा नंबर जोड असा हुकूम कुणी दिला नाही. मीच घाबरलो. मीच पक्कड घेऊन गेलो आणि वीस मिनिटांत तार जोडून आलो. इतकी छान जोडली, एटुश, की परत येताना मला बरं वाटत होतं.

आणि तो कर्नल? त्याने माशाचं कालवण खाल्लं, दोन पेले जर्दाळूची दारू घेतली आणि गेला. कुंपणाकडे त्याने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

तुझं घर तीन गल्ल्यांवर होतं. सबंध शनिवार माझ्या हातात होता. मी आलो नाही. धुकं पडलंय, जाणार नाहीत, असं मनाला समजावत राहिलो. खरं म्हणजे, मी घाबरलो हे तुझ्या तोंडावर सांगायची मला लाज वाटली.

रविवारी घंटा वाजली तेव्हा मी बोर्डासमोरच होतो. चौदाचा दिवा लागला. मी पोरांबरोबर धावलो. एटुश, त्याने तारा अगदी मी शिकवल्या तशाच धरल्या होत्या. घंटा वाजतेय हे त्यालाही कळलं होतं, तरी पोटातल्या इल्काला घेऊन तू पलीकडे जाईपर्यंत त्याने त्या सोडल्या नाहीत. मग तो तुझ्या उलट दिशेला, बोरूच्या बेटाकडे ओरडत पळाला, सगळे त्याच्या मागे लागावेत म्हणून. लागले. पकडला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. चौकशीत त्याला काय काय केलं असेल, मला ठाऊक आहे. पण माझं नाव त्याने घेतलं नाही. अडीच वर्षं तुरुंगात काढली, छाती खराब करून घेतली, आणि ऐंशी साली गेला तोवर रस्त्यात भेटला की टोपीला हात लावायचा. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो पकडला गेला म्हणून मला दहा दिवसांची बक्षीस रजा मिळाली. त्या रजेत मी आईच्या घराची कौलं बदलली. आई शेवटपर्यंत त्या कौलांचं कौतुक करायची. तिच्या अंत्यविधीला तू येऊ शकली नाहीस, तेही माझ्यामुळेच.

रशियाने आम्हाला धरून ठेवलं होतं म्हणतात. ठेवलं होतंच. पण त्या शनिवारी त्याला बोटही उचलावं लागलं नाही. हुकमाशिवाय पक्कड घेऊन धावणारा मी इथे होतो. मला वाटतं, माझ्यासारखे लोक दमले, म्हणून त्यांचं राज्य सैल पडलं. मी मात्र फार उशिरा दमलो.

माफी मागतो, एटुश. ती मिळावी असा हट्ट नाही. एवढंच कर, इल्काला आजच सांग की तिचा बाप धांदरट नव्हता. तिच्या हातून पेला पडला तर तो नुसता पेला पडला. बापावर गेली असेल, तर तिचे हात न सोडणारे आहेत.

चौदा नंबरचे खांब मी अजून काढले नाहीत. कप्तानांना सांगून ठेवलंय, तेवढे शेवटी काढू. वीस तारखेला सकाळी मी तिथे उभा असेन. तुम्ही दोघी आलात तर ती जागा मीच दाखवीन. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. आला नाहीत, तर संध्याकाळी खांब काढीन आणि पाव रोझाल मावशीला देईन. यापुढे गुडघ्याचं कारण सांगणार नाही.

ज्याने तार जोडली, तो
तुझा दादा,
वेंडेल